कुत्र्याचं नवीन पिल्लू खात नाहीये? फूड बदलायच्या आधी हे वाचा

नमस्कार मालक. हा कागद पिशवीत टाकायला लागलोय कारण रोज संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर एकच विषय, पॉम (पॉमेरेनियन) आणलाय, शित्झू आणलंय, नुसता वास घेतंय आणि तोंड फिरवतंय, दुसरं एखादं भारीतलं फूड द्या की. आणि त्याच्या पाठोपाठ, ही उघडलेली पिशवी परत घ्या. गर्दीच्या टायमाला एकेकाला नीट सांगणं होत नाही, मागं कोणतरी मांजराची वाळू घेऊन ताटकळत असतंय, म्हणून शेवटी लिहूनच काढलं. लसीकरण, जंताचं औषध, गळपट्टा हे तुम्हाला माहितीये असं धरून चाललोय, इथं फक्त खाण्याचं.

पहिली गोष्ट, आल्या आल्या पिल्लू कमी खातंय ते नखरे नसतात. आईपासून, भावंडांपासून तुटून आलेलं असतंय, बरेचदा पुण्याहनं नाहीतर हैदराबादहनं गाडीत बसून, आणि घरात मिक्सरचा आवाज, शाळेतनं आलेली पोरं, बघायला आलेले शेजारी, सगळे उचलून घेतेत. असल्यात दोन-तीन दिवस खाणं कमी होणारच. खेळतंय, पाणी पितंय, शी घट्ट आहे, तर घाबरायचं कारण नाही. नखरे नंतर येतेत आणि ते बहुतेक वेळा आपणच शिकवतो.

कसं ते सांगतो. सकाळी वाटीत कोरड्या फूडचे दाणे टाकले, खाल्ले नाहीत. दहा मिनिटांत घरातल्या मोठ्यांचा जीव खालीवर, दाण्यावर दूध ओतलं. दूध चाटलं, दाणे तसेच. दुपारी चपाती कुस्करून, संध्याकाळी पाव किलो चिकन आणून उकडलं, रात्री मांडीवर घेऊन हातानं भरवलं. दुसऱ्या दिवशी जुलाब. मग "हे फूड त्याला सूट होत नाही" म्हणून आमच्याकडं, नवीन ब्रँड घेऊन घरी, परत तेच. यात फूडचा काय दोष ओ? पिल्लाला एवढंच कळलं की थोडं थांबलं की ताटात चांगलं पडतंय. आणि पोट बिघडलं ते एकतर दुधामुळं, कारण गायी-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, नाहीतर दोन दिवसांत चार प्रकारचं खाणं गेल्यामुळं. आतड्याला नवीन खाण्याची सवय व्हायला वेळ लागतोय, एका रात्रीत होत नाही.

म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो की जिथनं आणलं तिथं काय खात होतं. लोकांना वाटतंय की हा उगाच चौकशी करतोय. पण तेच फूड, स्वस्तातलं असलं तरी, पहिला आठवडा द्या. आमच्याकडं नसलं तर दुसऱ्या दुकानातनं घ्या, राग नाही. मग बदलायचं असलं तर ७ ते १० दिवसांत हळूहळू, आधी पाव भाग नवीन आणि पाऊण जुनं, दोन-तीन दिवसांनी निम्मं निम्मं, मग पाऊण नवीन, मग पूर्ण. मध्ये शी पातळ झाली तर एक पायरी मागं यायचं. एवढंच आहे, पण हेच कोणी करत नाही आणि आमचा निम्मा वेळ यातच जातोय.

वाटी ठेवायची ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या जागी. १५-२० मिनिटं थांबायचं, बघत बसायचं नाही, मोबाईलवर शूटिंग करायचं नाही, खाल्लं तर खाल्लं नाहीतर शांतपणे उचलायची, पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही नाही. चार महिन्यांच्या आतल्या बारक्या पिल्लाला दिवसातनं चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढं दोन वेळा बास.

पण एक गोष्ट लय महत्त्वाची. "भूक लागली की झक मारत खाईल" हा सल्ला लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डवाल्यांचा आहे, दोन महिन्यांच्या टॉय पॉम, चिवावासारख्या एकदम बारक्या जातीला तो लावू नका. असल्या एक-दीड किलोच्या पिल्लाच्या अंगात साठा काहीच नसतो, बराच वेळ उपाशी राहिलं की रक्तातली साखर खाली जाते. मग ते सुस्त पडतं, चालताना झोकांड्या खातं, थरथरतं, पुढं फिट येऊ शकते. असं दिसलं तर बोटाला मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी लावून हिरड्यांवर चोळा, शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, आणि लगेच डॉक्टर. उलट्या, रक्ताची किंवा घाण वासाची पातळ शी, हिरड्या पांढऱ्या, असलं काही असेल तर पार्व्होसुद्धा (पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबाचा आजार) असू शकतो, तिथं दुकानात येऊन फूड विचारू नका, सरळ जनावरांच्या दवाखान्यात. लागोपाठ दोन वेळा खाल्लं नाही आणि मरगळलेलंही वाटतंय, तरी तेच. औषध आम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळख असली तरी.

आता प्रमाण. "काहीच खात नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पिल्लू पुरेसं खात असतंय, आपली अपेक्षाच माणसाच्या ताटाची असते. तीन किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं फूड ६० ग्रॅमच्या आसपास, दिवसभरात. मोठी वाटी भरून ठेवली की उरणारच ना. आणि तेल लावलेली एक चपाती शंभर-सव्वाशे कॅलरीची, म्हणजे त्याचं निम्मं जेवण झालं की. चहाबरोबर ग्लुकोजची चार बिस्किटं गेली तरी तेवढंच. आजोबांनी दोन, पोरानं दोन, ताईंनी चपातीचा तुकडा, प्रत्येक जण म्हणतोय मी एवढंसंच दिलं. मग संध्याकाळी दाणे कशाला खाईल? फ्रिजवर एक कागद लावा, ज्यानं जे दिलं ते लिहायचं, एका दिवसात उलगडा होतोय. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानानं जास्त लागतं, पाकिटामागं तक्ता असतो तो बघा, पण पिल्लाचं वजन करून बघा, अंदाजानं नको. दुकानात काटा आहे, घेऊन या, फुकट करून देतो. लसीचा कोर्स झाला नसेल तर खाली सोडू नका, कडेवरच ठेवा.

खाण्याला चव आणायची असली तर फूड न बदलता एक साधी युक्ती. दाण्यावर कोमट पाणी घाला, दाणे बुडतील इतकंच, उकळतं नको. १०-१५ मिनिटं झाकून ठेवा. दाणा फुगतो, बोटात धरून दाबला की मऊ पिठासारखा मोडतो, आणि झाकण काढलं की वास असा येतो की पिल्लू स्वतःच पायात घोटाळायला लागतं. कुत्रं आधी वासानं जेवतंय, चव नंतर. दुधाचे दात असतानाही हे सोपं जातं, आणि चार ते सहा महिन्यांत दात पडायला लागले की परत काही दिवस असंच द्यावं लागतं. फक्त भिजवलेलं अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आंबायला वेळ लागत नाही. पग, शित्झूसारख्या चपट्या तोंडाला खोल वाटी नको, पसरट ताटली द्या. स्टीलची वाटी फरशीवर सरकून आवाज होतो आणि काही पिल्लं त्यालाच बिचकतात, खाली रबराची मॅट टाका. मॅट आमच्याकडं आहे, नाहीतर जुन्या चादरीची घडीसुद्धा चालते, सोलापुरात चादरीला काय तोटा.

एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीला दुपारी आपल्याला जेवण जात नाही, त्याला कुठनं जाणार? लवकर सकाळी आणि ऊन उतरल्यावर जास्तीचं द्या, दुपारचं थोडकं. पिण्याचं पाणी रोज बदला, नळाला रोज पाणी येत नाही हे माहितीये, पण पिंपातलं चार दिवसांचं कोमट पाणी तेही नाक मुरडून सोडतंय. आणि फूडची पिशवी पत्र्याच्या खोलीत किंवा गॅसजवळ ठेवू नका. उष्णतेनं त्यातली चरबी खवट होते, आपल्याला कळत नाही पण त्याला लगेच कळतं, "काल खात होतं आज खात नाही" मागं कितीतरी वेळा हेच असतंय. मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बंद करून, ती डब्यात. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या परातीत.

घरचं देऊच नका असं आम्ही म्हणत नाही. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, भात, लाल भोपळा, अधूनमधून भाकरीचा मऊ तुकडा चालतो, पण सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. नुसत्या वरणभातावर किंवा दूधभाकरीवर वाढत्या पिल्लाचं भागत नाही, कॅल्शियम वगैरेचा हिशोब चुकतो. पूर्ण शाकाहारी घरं आपल्याकडं बरीच आहेत, त्यांच्यासाठी शाकाहारी फूड येतं, फक्त ते पिल्लांसाठीचं आहे का हे बघून घ्या, मोठ्या कुत्र्याचं देऊ नका. आणि कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगम, शिजवलेली हाडं, ह्यातलं काहीच नाही. आपली शेंगाचटणी पण नाही, एकानं कौतुकानं भाकरीला लावून दिलेली, तिच्यात लसूण, तिखट, मीठ तिन्ही असतंय.

राहिला परतीचा विषय. उघडलेली पिशवी आम्ही परत घेत नाही, कारण ती दुसऱ्याच्या पिल्लाला देता येत नाही, आणि तुमच्या पिल्लाला दुसऱ्याची दिलेली तुम्हालाही चालणार नाही. सुटं फूडही विकत नाही, गोणी उघडी राहिली की वास जातो आणि तारीख कळत नाही. म्हणूनच नवीन पिल्लूवाल्यांना पहिल्या वेळेला मोठी बॅग आम्ही स्वतःहून देत नाही, स्कीम चालू असली तरी. आधी छोटं पाकीट न्या, दहा दिवस नीट खाल्लं की मोठी घ्या, स्कीम संपलेली असली तरी तोच रेट लावतो, फक्त छोट्या पाकिटाचं बिल घेऊन या.

फोनवर विचारायचं असलं तर पिल्लाचं वय, वजन, आधी काय खात होतं आणि काल दिवसभरात कोणी काय दिलं एवढं हाताशी ठेवून करा. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतंय.