कातडीपासून हाडापर्यंत : ओघळत्या चेहऱ्यावरील उपचारांची पार्श्वभूमी

लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले आणि त्या नासिकेवरून गावाला नाशिक हे नाव पडले, ही कथा येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. योगायोग असा, की चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेचा आपल्याकडील लिखित इतिहासही कापलेल्या नाकापासूनच सुरू होतो. गालाच्या कातडीने नाक घडवण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे, आणि कपाळाची कातडी वापरून कावसजी नावाच्या गाडीवानाला नवे नाक बसवल्याची मराठी मुलखातील हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली होती. वयामुळे सैल पडणारा चेहरा मात्र जुन्या वैद्यांच्या लेखी शस्त्राचा विषय नव्हता. 'वली-पलित', म्हणजे सुरकुत्या आणि पिकलेले केस, यांचा विचार ते रसायनचिकित्सेत, म्हणजे वार्धक्य लांबवणाऱ्या औषधोपचारांत, करीत. चरकाने सांगितलेल्या दहा वयःस्थापन द्रव्यांत आवळा, हिरडा, गुळवेल आणि पुनर्नवा येतात.

युरोपात प्रारंभी सगळा दोष कातडीवरच ठेवला गेला. बर्लिनमध्ये १९०१ च्या सुमारास ऑयगेन होलेंडर यांनी आणि पुढे पॅरिसमध्ये सुझान नोएल यांनी केसांच्या कडेशी कातडीची पट्टी काढून उरलेली ताणून शिवण्याचा मार्ग धरला. पण नुसती ताणलेली कातडी पुन्हा सैल होते. त्याच काळात चेहऱ्यात पॅराफिन टोचण्याची टूम निघाली आणि कठीण गाठी, व्रण व विद्रूपता मागे ठेवून गेली. खरे वळण आले ते १९७४ मध्ये स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी कातडीखालचा थरही तिच्यासोबत उचलण्याची पद्धत मांडली तेव्हा. मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये स्नायूंना जोडलेल्या या तंतुमय थराचे रीतसर वर्णन केले. त्यानंतर लक्ष आणखी खोल गेले: गालातील मेदाचे कप्पे आटतात व खाली सरकतात, जबड्याचे आणि डोळ्यांभोवतीचे हाड झिजते, आणि आधार गेलेली कातडी लोंबते.

कॉलेज रोडवरील दवाखान्यांत विचारले जाणारे बोटॉक्स या कथेत थोडे बाजूचे आहे. अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती भुवयांमधील आठ्यांसाठी. ते स्नायू शिथिल करते, ओघळलेला गाल उचलत नाही. रेडिओलहरी किंवा अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारे प्रथिन, आकसते, नवे तयार होते, मात्र त्याचा परिणाम मर्यादित असतो आणि शस्त्रक्रियेची बरोबरी करीत नाही.

प्रतिबंधाचा पुरावा त्या मानाने बळकट आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे नऊशेहून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी आढळले; हा निष्कर्ष २०१३ चा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायका तोंडाला ओढणी गुंडाळतात, ती या दृष्टीने उत्तम सवय आहे. सावलीत बसलेला माणूस सुरक्षित असतोच असे नाही, कारण कोलॅजन मोडणारे उन्हातील यूव्ही-ए (अतिनील) किरण काचेतूनही येतात. अमेरिकेतील एका ६९ वर्षीय ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात २८ वर्षे खिडकीकडे राहिलेला डावा गाल जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेला होता आणि उजवा त्या मानाने बराच तरुण. मुंबई-आग्रा महामार्गावर धावणाऱ्या आपल्या चालकांची खिडकी उजवीकडे असते.