घर हलायला लागतं तेव्हा पिल्लाला काय होतं

आमचं कुत्र्याचं पिल्लू पहिल्यांदा मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, दारात आलं तेव्हा 9 आठवड्यांचं होतं. मागचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, पुढचा एक पाय पायरीवर, दुसरा हवेत तसाच उचललेला, मान ताणलेली आणि नाक सारखं चाललेलं. तेवढ्यात आत कुणीतरी नळ उघडला, पाण्याचा पंप गुर्रर्र करत सुरू झाला आणि पिल्लू शेपूट पायात घालून माझ्या मागे. झालं, त्यानंतर दोन दिवस ते त्या पायरीच्या जवळपासही फिरकलं नाही. गाडी जागची हललेली नव्हती, इंजिनसुद्धा बंद होतं, तरी त्याने धसका घेतला तो घेतलाच.

तेव्हापासून मी हे मनापासून सगळ्यांना सांगत असते की पिल्लाला "प्रवासाची" सवय लावायची नसते, तीन वेगवेगळ्या गोष्टींची लावायची असते. एक म्हणजे हे नवीन घर, दुसरं त्या घराचे आवाज आणि तिसरं त्या घराचं हलणं. आपण काय करतो, पहिल्याच रविवारी तिन्ही एकदम त्याच्या अंगावर टाकतो आणि मग म्हणतो याला गाडी आवडत नाही.

यात घाई का असते तेही खरं आहे, कारण पिल्लाच्या मेंदूला एक मुदत असते. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला, त्यातून पुढे आलं की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून 12-14 व्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवीन गोष्टी सहज स्वीकारतं. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते "आपल्या जगातलं", नंतर जे पहिल्यांदा समोर येईल त्याच्याकडे आधी संशयाने बघायचं. तिथल्याच कामातून 1961 मध्ये एक निबंध आला होता, त्यात 14 आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच न मिळालेली पिल्लं नंतर माणसाला जवळ येऊ देईनात असं दिसलं. आता पिल्लू घरी येतं साधारण 8 आठवड्यांचं झाल्यावर, म्हणजे आपल्या हातात उरतात चार-सहा आठवडे.

पण नेमक्या त्याच आठवड्यांत लसीकरण चालू असतं. आईच्या दुधातून मिळालेल्या अँटिबॉडीज, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, हळूहळू उतरत असतात आणि त्या असेपर्यंत लसीला नीट काम करू देत नाहीत, म्हणून लसीचे डोस दर दोन ते चार आठवड्यांनी 16 आठवड्यांच्या वयापर्यंत देत राहतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, त्यामुळे जिथे दिवसभर कुत्री येऊन जातात अशा थांब्यावर पिल्लाला खाली सोडणं म्हणजे जुगार. एकीकडे जग दाखवायची मुदत संपत चाललेली आणि दुसरीकडे जमिनीवर सोडायची भीती, या पेचातून मला तर मोटरहोमनेच बाहेर काढलं. दार उघडं ठेवायचं, आपण दारात बसायचं, पिल्लाला हार्नेस (छातीचा पट्टा) लावून मांडीवर घ्यायचं आणि बघू द्यायचं. सायकली, छत्र्या, ट्रक, रडणारं बाळ, टोपीवाला माणूस, सगळं तिथूनच दिसतं आणि पाय जमिनीला लागत नाहीत. पंधरा मिनिटं झाली की आत घ्यायचं, झोपू द्यायचं, कारण या वयातलं पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं आणि झोप मोडली की ते लहान मुलासारखंच किरकिरं होतं.

आता घराचं. गाडी एका जागी उभी, इंजिन बंद, आणि पिल्लाला त्याचं रोजचं एखादं जेवण तिथे. पहिल्या दिवशी वाटी पायरीशी, मग दाराच्या आत, मग आणखी आत. उचलून आत ठेवायचं नाही, स्वतःच्या पायाने आत आलं आणि स्वतःच्या पायाने बाहेर जाता आलं तरच त्याला भरवसा वाटतो. फरशी गुळगुळीत असेल तर रबरी तळाची चटई टाका, पाय घसरला की पिल्लू फार बिचकतं. झोपायचा क्रेट, म्हणजे जाळीचा पिंजरा, घरात जो आहे तोच गाडीत न्यायचा, तेच ब्लँकेट, आणि ते मुद्दाम न धुता. कुत्र्याला जागेची ओळख पटवण्यात नाकाचा वाटा फार मोठा असतो आणि स्वतःच्या वासाचं कापड असलं की अनोळखी जागेतला तो एक कोपरा तरी ओळखीचा होतो.

इथे बरेच जण एका गोष्टीला फसतात. घरात शी-शूचं शिकलेलं पिल्लू मोटरहोममध्ये आल्याआल्या मधोमध शू करतं आणि आपल्याला वाटतं हा विसरला. विसरला नाही, त्याला कळलंच नाहीये की हेसुद्धा घर आहे. कुत्री एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप लावत नाहीत, स्वयंपाकघरात "बस" म्हटलं की बसणारं पिल्लू बागेत तुमच्या तोंडाकडे बघत राहतं ते याच कारणाने. त्यामुळे गाडीत सगळं पहिल्यापासून शिकवायचं, जेवण झालं की बाहेर, झोपेतून उठलं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. रागवून उपयोग शून्य.

आवाजांचं प्रकरण आपल्याला वाटतं त्यापेक्षा मोठं आहे. आपल्याला जास्तीत जास्त 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला जवळपास 45,000 पर्यंत. म्हणजे इन्व्हर्टर किंवा चार्जरची जी बारीक शीळ आपल्या कानाला लागतच नाही ती पिल्लाला ऐकू येत असू शकते. त्यात पंप, हीटरचा फॅन, फ्रिजची घरघर, कपाटातल्या ताटल्यांचा खुळखुळाट, छतावर पडणारा पाऊस. पंप तर असा अचानक सुरू होतो की मीही पहिल्यांदा दचकले होते.

यावरचा उपाय 1924 पासून माहीत आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती घालवली होती. पीटर त्याचा आवडता खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा आणि तो खातोय तोवर रोज थोडा थोडा जवळ आणायचा, एवढंच. पिल्लाला हेच लागू पडतं, फक्त क्रम सांभाळायचा. आधी आवाज, मग लगेच ट्रीट, म्हणजे खाऊचा तुकडा. उलटं झालं, म्हणजे आधी ट्रीट आणि मग आवाज, तर पिल्लू शिकतं की ट्रीट दिसली म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार, आणि मग ट्रीटलाच घाबरतं! मी पंपासाठी असं केलं की एकाने आत जाऊन एक सेकंद नळ उघडायचा, मी पिल्लाबरोबर बाहेर दहा पावलांवर, गुर्र झालं की लगेच तोंडात तुकडा. असं पाच वेळा करायचं आणि बंद. चौथ्या दिवशी पंप वाजला की ते माझ्या हाताकडे बघायला लागलं. घाबरलेलं पिल्लू खात नाही, त्यामुळे तुकडा तोंडाशी नेला आणि त्याने मान फिरवली तर समजायचं आपण फार जवळ आलोय, मागे सरकायचं. मला हे मोजमाप बाकी कशाहीपेक्षा खात्रीचं वाटतं.

सगळ्यात अवघड असतं ते हलणं. माणसाला गाडी लागते तशी पिल्लालाही लागते आणि मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांना जास्त लागते. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातलं द्रव डोकं वळलं की हलतं, आणि शेजारी दोन पिशव्या असतात ज्यांच्यातल्या बारीक खड्यांवरून पुढे-मागे, वर-खाली किती हललो ते कळतं. गाडी वळते, कान मेंदूला सांगतात आपण वळतोय, पण डोळ्यांना दिसतं ते क्रेटचं जाळं आणि ब्लँकेट, आणि ते तर जागच्या जागी आहे. पायही काही चाललेले नाहीत. मेंदूकडे दोन वेगळे निरोप येतात आणि पोटात ढवळायला लागतं. असं का व्हावं यावर 1977 मध्ये मिशेल ट्रीझमन यांनी मांडलेली एक कल्पना आहे की असा गोंधळ निसर्गात सहसा विषबाधेत होतो, म्हणून शरीर पोट रिकामं करायला बघतं. मला हे पटतं, पण आहे अजून ती कल्पनाच.

गाडी लागण्याचं मूळ कानात आहे हे मात्र पक्कं आहे. 1882 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी नोंदवलं होतं की ज्यांचा आतला कान निकामी आहे अशा अनेक बहिऱ्या माणसांना गरगर फिरवलं तरी चक्कर येत नाही. पुढे 1956 मध्ये वाँग आणि चिन यांनी कुत्र्यांना झोक्यावर झुलवून बघितलं, ज्यांच्या आतल्या कानाचा तोलाचा भाग काढून टाकला होता ती कुत्री कितीही झुलवली तरी ओकली नाहीत. हे प्रयोग वाचताना माझ्या जिवाची घालमेल होते, पण आज आपण व्हेटकडून (प्राण्यांच्या डॉक्टरकडून) जो सल्ला घेतो त्यामागे त्या कुत्र्यांचे हाल आहेत, हे माहीत असायला हवं.

उलटीच्या बऱ्याच आधी पिल्लू सांगत असतं. ओठ चाटतं, जांभया देतं, सारखं गिळतं, मग गप्प होतं, मग हनुवटीवरून लाळेची तार ब्लँकेटवर उतरते. पहिल्या जांभईला गाडी थांबवलीत तर बरंच वाचतं, कारण मळमळीची आठवण मेंदू फार चिवटपणे धरून ठेवतो. 1955 मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी उंदरांना गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी किरणांनी आजारी पाडलं, तर उंदरांनी ते गोड पाणी सोडलं. अशी नावड बसायला पुढे एकच अनुभवसुद्धा पुरतो असं दिसून आलं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवच्या कुत्र्यांना नुसत्या इशाऱ्यावर लाळ सुटायची कारण मागून अन्न यायचं, आपल्या पिल्लाला उभी गाडी बघूनच लाळ सुटते कारण मागून मळमळ यायची. इंजिन सुरू व्हायच्या आधीच लाळ गळत असेल तर प्रश्न आता कानाचा राहिलेला नाही, आठवणीचा झालाय, आणि तिथे औषधाइतकंच पुन्हा पायरीपासून सुरुवात करणं लागतं.

म्हणून पहिली फेरी म्हणजे नुसतं इंजिन चालू-बंद. दुसरी, गाडी स्वतःच्या लांबीइतकी पुढे घेऊन थांबवायची. मग पाच मिनिटं, आणि शेवटी काहीतरी छान, खेळ किंवा लांब दोरीवर हुंगाहुंगी. कानाला अशा लहान लहान हेलकाव्यांची सवय होते, एकदम तीन तासांची होत नाही. पोट भरलेलं नको, पण इवलंसं पिल्लू तासन्तास उपाशीही ठेवायचं नाही, लहान जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते, त्यामुळे निघायच्या दोन-तीन तास आधी थोडंसं खायला द्यावं.

आणि चालवणाऱ्याने जरा ऐकावं! माणसांवरच्या 1974 च्या प्रयोगात वर-खाली हेलकावा साधारण पाच-सहा सेकंदांत एकदा येत असेल तर सगळ्यात जास्त मळमळतं असं दिसलं. बारीक खडखड तेवढी त्रास देत नाही, ती संथ डुलकीच वाईट. मोटरहोम उंच आणि जड असतं त्यामुळे वळणावर ते नेमकं असंच झुलतं, शिवाय मागच्या चाकांच्या मागे जो लांब भाग असतो तिथे प्रत्येक खड्ड्याचा झोका मोठा होऊन येतो. क्रेट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, खाली, पक्का बांधून ठेवायचा. मागच्या पलंगावर नाही.

बांधायचा म्हणजे खरंच बांधायचा. 5 किलोचं पिल्लू ताशी 50 किमीच्या वेगात असताना गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर त्याच्यावर सुमारे 100 किलो वजनाइतका जोर येतो, मांडीवर धरलेला हात त्याला थोपवू शकत नाही. चालत्या गाडीत घरासारखं मोकळं फिरू देणं मला अजिबात मान्य नाही, ते कितीही गोड दिसो.

औषध द्यायचं तर व्हेटला विचारूनच, माणसांच्या गोळ्या अजिबात नको. मॅरोपिटंट नावाचं कुत्र्यांसाठीचं औषध अमेरिकेत 2007 पासून आहे, ते मेंदूतला उलटीचा एक निरोप अडवतं, पण प्रवासातल्या उलटीसाठी तिथल्या लेबलवर किमान वय 4 महिने आहे. शिवाय ते उलटी थांबवतं, मळमळ पूर्ण जाईलच असं नाही. उलटी झाली नाही पण लाळ चालूच आहे, तर पिल्लू बरं आहे असं समजू नका.

उन्हाचंही सांगते, कारण यात चुकीला माफी नाही. 2005 च्या एका अभ्यासात उन्हात उभ्या कारच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सियसने वाढलं, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात, आणि काचा थोड्या खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. मोटरहोम मोठं असतं, एसीही असतो, पण तो एसी सहसा बाहेरून आलेल्या एका वायरवर चालतो आणि वीज गेली की मागे कुणी सांगायला येत नाही. पिल्लू मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. त्याला आत एकटं ठेवायचं असेल तर फोनवर इशारा देणारा तापमान-सेन्सर हवाच, आणि तरीही हाकेच्या अंतरावर राहा.

एकटं राहायलाही असंच शिकवलं. आधी दाराबाहेर पडून लगेच आत, मग अर्धा मिनिट, मग दोन. पहिली रात्र आम्ही घरासमोरच काढली, प्रवास न करता, क्रेट माझ्या पलंगाला टेकवून. रात्री दोनला पाऊस आला, छतावर ताडताड सुरू झालं. पिल्लाने मान उचलली, कान टवकारले, थोडा वेळ वर बघितलं. मी हात खाली सोडला तर जाळीतून नाक लावून हुंगलं, एक लांब सुस्कारा टाकला आणि अंगाचं मुटकुळं करून झोपलं. सकाळी चहासाठी नळ उघडला, पंप वाजला. ते उठून बसलं आणि ट्रीटच्या डब्याकडे बघायला लागलं.