दोर धरणाऱ्यांचं काम मोजायचं कसं?

लक्ष्मी रोडला विसर्जन मिरवणूक बघताना सगळ्यांची नजर ढोल-ताशांवर असते, पण पथकाभोवती दोर धरून उभी असलेली पोरं बघा एकदा. तासन्‌तास गर्दीचा रेटा अंगावर घेतात, त्यांनी दोर सोडला तर पाच मिनिटांत वादन बंद पडेल.

ऑफिसातही असे दोर धरणारे असतात. हिंजवडीतल्या माझ्या जुन्या सॉफ्टवेअर टीममध्ये टेस्टिंगला एक ताई होत्या. नवीन पोरगा आला की त्याला शेजारी बसवून सगळं समजावणार, मीटिंगमध्ये कोण गप्प बसलंय ते ओळखून "तुला काय वाटतं रे?" विचारणार, दोघांचं वाजलं की दोघांना चहाला नेणार. रेटिंग मात्र दरवर्षी ॲव्हरेज. त्या सोडून गेल्या आणि दोन-तीन महिन्यांत टीमची घडीच विसकटली, एकच बग तिघं वेगवेगळे शोधत बसायचे आणि कुणाला कळेना झालंय काय.

संशोधक अनिता वुली आणि सहकाऱ्यांचा २०१० साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आलेला अभ्यास वाचला तेव्हा मला त्या ताईच आठवल्या. ६९९ लोकांना २ ते ५ जणांच्या गटांत बसवून कोडी सोडवणं, मिळून निर्णय घेणं अशी कामं दिली होती. गटात हुशार लोक किती, यावरून गट कसा काम करेल हे फारसं सांगता येत नव्हतं. त्यापेक्षा जास्त संबंध दिसला तो समोरच्याच्या मनातलं ओळखण्याशी (नुसते डोळ्यांचे फोटो दाखवून भावना ओळखायला लावतात, अशी टेस्ट असते) आणि सगळ्यांना साधारण सारखं बोलायला मिळतंय का याच्याशी. म्हणजे ताई करायच्या तेच की!

मग हे काम येतं कुणाच्या वाट्याला? अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रयोगात तीन अनोळखी माणसं कॉम्प्युटरवर, दोन मिनिटांत एकाने बटण दाबलं तर तिघांचा फायदा, पण दाबणाऱ्याला बाकीच्या दोघांपेक्षा कमी पैसे. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांपेक्षा जवळपास ५० टक्के जास्त वेळा दाबलं. पण नुसत्या बायकांचे आणि नुसत्या पुरुषांचे गट केले तर हा फरकच गेला! म्हणजे बायकांचा स्वभावच तसा असं नाही, ती करेलच हे सगळ्यांनी, तिनेसुद्धा, धरून चाललेलं असतं.

मोजायचा एक सोपा मार्ग आहे, प्रत्येकाला विचारायचं की अडलं की तू कुणाकडे जातोस, आणि उत्तरांवरून रेघा जोडायच्या. रॉब क्रॉस वगैरे संशोधकांनी कंपन्यांमधली अशी जाळी अभ्यासली, तर खरोखर कामाला आलेल्या मदतीपैकी २० ते ३५ टक्के मदत अवघ्या ३ ते ५ टक्के लोकांकडून आलेली दिसली.

यंदा अप्रेझलच्या आधी मी माझ्या टीममधल्या नऊ जणांना हाच प्रश्न विचारला, उत्तर चिठ्ठीवर मागितलं. सहा चिठ्ठ्यांवर एकच नाव आणि त्या मुलाच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये या मदतीबद्दल एक ओळ नव्हती. मग मी त्या सहाही चिठ्ठ्या त्याच्या फॉर्मला टाचून वर पाठवल्या.