‘जिप्सी बॅरन’ मूळचा कोणाचा?

संगीतकार योहान श्ट्राउसचा ‘जिप्सी बॅरन’ हा ऑपेरेटा (हलकंफुलकं संगीतनाटक) अस्सल व्हिएन्नाचा, त्यातलं हंगेरी म्हणजे वरची सजावट, असा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

ही गोष्ट हंगेरीच्या मोर योकाईची. १८२५ साली कोमारोममध्ये जन्मलेला हा कादंबरीकार म्हणजे श्ट्राउसच्याच वयाचा. त्याच्या ‘साफी’ या कथेवरून इग्नात्स श्निट्सरने जर्मन संहिता रचली. तोही हंगेरीत जन्मलेला. २४ ऑक्टोबर १८८५ रोजी, श्ट्राउसच्या साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. संगीत श्ट्राउसचं, यात वादच नाही. पण तुर्की अंमल संपलेला तेमेशचा मुलूख, परागंदा घराण्याचा परतलेला वारस, पुरलेला खजिना आणि जिप्सींमध्ये वाढलेली पाशाची लेक, हे सगळं योकाईचं. रंगभूमीवर येताना नायकाचं नावसुद्धा बदललं: बोत्सिंकाय योनाशचा झाला बारिंकाय. मूळ लेखक विसरला जाण्यात या बदलाचाही हात असावा, असं मला वाटतं.

हंगेरीच्या पडद्याने मात्र योकाईला कधी सोडलं नाही. त्याच्या ‘सोन्याचा माणूस’ या कादंबरीवर अलेक्झांडर कोर्डाने १९१८ मध्येच मूकपट काढला. १९६५ मध्ये झोल्तान वारकोनीने ‘पाषाणहृदयी माणसाचे मुलगे’ ही योकाईची कादंबरी पडद्यावर आणली. आणि १९८५ च्या आत्तिला दारगायच्या ‘साफी’ या ॲनिमेशनपटात नायक पुन्हा बोत्सिंकाय योनाशच आहे!