स्वतःच्याच पत्त्यावरून मेल आला म्हणजे खातं हॅक झालं, असं नाही

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू परवा फोन घेऊन आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मेल त्यांच्याच पत्त्यावरून त्यांनाच आलेला: 'तुमचं खातं माझ्या ताब्यात आहे, कॅमेऱ्यातून तुम्हाला पाहिलंय, बिटकॉइन पाठवा.' "माझ्याच नावानं आलाय, म्हणजे खरंच असणार ना रे?"

नाही, काकू. हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्याच्याच जोरावर हे लोक पैसे उकळतात. मेल पोचवण्याची पद्धत, एसएमटीपी, १९८२ साली ठरली तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच तिच्यात नव्हती. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच हे. पुढे प्रेषकाचा पत्ता खरा आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम अशा तपासण्या आल्या, पण त्या सगळीकडे नीट लावलेल्या नसतात.

जीमेल असेल तर संगणकावर मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबून 'शो ओरिजिनल' उघडा. काकूंच्या मेलमध्ये एसपीएफसमोर 'फेल' असं स्पष्ट दिसलं, म्हणजे मेल भलत्याच ठिकाणाहून आलेला. त्या खुर्चीत टेकल्या आणि आधी पाणी मागितलं.

कधी कधी अशा मेलमध्ये तुमचा जुना पासवर्डही लिहिलेला असतो. तो बहुधा कुठल्यातरी वेबसाइटच्या फुटलेल्या यादीतून उचललेला. अजून तोच वापरत असाल तर मात्र आजच बदला. मेलला उत्तर देऊ नका. पैसे गेलेच असतील तर कृपा करून लाजेखातर गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.