जेनेरिक गोळीत औषध 80 टक्केच असते का?

‘जेनेरिक गोळीत मूळ औषधाच्या 80 टक्केच औषध असले तरी नियमाने चालते,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. 80 हा आकडा खरा आहे, पण तो गोळीतल्या औषधाचा नाही.

गोळीत औषध किती हवे हे औषधसंहिता, म्हणजे औषधांच्या दर्जाचे अधिकृत नियमपुस्तक, ठरवते. बहुतेक गोळ्यांसाठी ते छापील मात्रेच्या 90 ते 110 टक्के असावे लागते, मूळ ब्रँडलाही हाच नियम.

80 येतो तो रक्तचाचणीतून. साधारण 24 ते 36 निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या आलटूनपालटून देतात; मधल्या काळात आधीचे औषध शरीरातून पूर्ण जाऊ देतात. मग रक्तातली सर्वोच्च पातळी आणि शोषलेले एकूण औषध यांची तुलना होते. या गुणोत्तराची सरासरीच नव्हे, तर तिच्या दोन्ही बाजूंचा संभाव्य फरकाचा अख्खा पट्टा 80 ते 125 टक्क्यांत बसावा लागतो. सरासरी 85 निघाली, तर पट्ट्याचे खालचे टोक बहुधा 80 च्या खाली घसरते आणि गोळी नापास होते.

घरी पडताळायचे तर दोन्ही पाकिटांवरचे मिलिग्रॅम ताडून पाहा. औषध गोळीत अनेकदा क्षाराच्या (दुसऱ्या पदार्थाशी जोडलेल्या) रूपात असते; त्या क्षाराचे वजन वेगळे धरावे: रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनचा क्षार असलेले सुमारे 6.9 मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन बेसिलेट म्हणजे 5 मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन.