चांदी पाण्यात विझवली की कडक होते?

लोहार वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, लाल करून पाण्यात बुडवतो आणि ती कडक होते. म्हणून चांदीचंही तसंच, असं काम शिकणाऱ्याला हमखास सांगितलं जातं. ते उलट आहे.

पोलाद कडक होतं ते त्यातल्या कार्बनमुळे. चांदीत तो नाही. ९२.५ टक्के चांदी आणि बाकी तांबं असलेला पत्रा साधारण ६५० अंश सेल्सिअसला तापवून विझवला, तर मऊच पडतो. कडकपणा येतो हातोडीने, तार ओढल्याने. तार जड जाऊ लागली की पुन्हा तापवा, नाहीतर वळणावर चिरा पडतात.

तापवायचं मात्र सावलीत. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात अंगणात बसलात तर मंद लाली दिसणारच नाही, आणि ८०० अंशांपुढे हीच चांदी वितळू लागते. लाली दिसताच ज्योत काढा, ती मावळली की पाण्यात टाका. लालभडक असतानाच बुडवलं तर पत्रा वाकतो, डाकाचा, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडलेला, सांधाही तडकू शकतो.

जोडवी कडक हवीत? मग ठोके शेवटच्या डाकानंतर द्या, कारण आधीचा कडकपणा डाकाच्या आचेने निघून जातो.